पडलेल्या पोराला हसणाऱ्यांनो, एकदा वाचा

आज दुसरा शनिवार, बँकेला सुट्टी, म्हणून काल रात्रभर जागले. मिलानला २०२६ च्या हिवाळी ऑलिम्पिकच्या पुरुष फिगर स्केटिंगची फायनल होती. पहाटे कधीतरी डोळा लागला. आठ वाजता मोबाइल हातात घेतला तर सोसायटीच्या ग्रुपवर अमेरिकेच्या इलिया मालिनिनचा पडतानाचा व्हिडिओ. मागे कुठलंतरी ढिंच्याक गाणं लावलेलं, वर लाल अक्षरात 'बर्फावरची घसरगुंडी', आणि खाली हसणाऱ्या चेहऱ्यांची ही मोठी रांग. एका काकांनी लिहिलं, 'एवढा मोठा चॅम्पियन अन् उभं राहता येत नाही काय बे याले?'

काका, तुम्ही वयाने मोठे आहात म्हणून ग्रुपवर काही बोलले नाही. इथे बोलते.

तो पोरगा २१ वर्षांचा आहे. क्वॉड ॲक्सेल ही उडी स्पर्धेत पूर्ण करणारा जगातला पहिला माणूस. सप्टेंबर २०२२ मध्ये, अमेरिकेतल्या लेक प्लॅसिडला, तेव्हा तो १७ वर्षांचा होता. क्वॉड म्हणजे हवेत चार फेरे. बाकी सगळ्या उड्या पाठमोऱ्या घेतात, ॲक्सेल एकटी समोर तोंड करून घ्यायची, म्हणून तिच्यात अर्धा फेरा जास्त. म्हणजे हवेत साडेचार फेरे. हवेत असण्याचा वेळ सेकंदभरही नाही. आणि उतरायचं कशावर, तर एका पायाच्या पातळशा पात्यावर, तेही मागच्या बाजूला सरकत. आपण पावसाळ्यात सीताबर्डीच्या फुटपाथवर चप्पल घालून नीट चालत नाही.

स्पर्धा दोन भागांत होते, आधी छोटा शॉर्ट प्रोग्राम, मग मोठा फ्री स्केट, दोन्हीचे गुण मिळून निकाल. शॉर्ट प्रोग्राम झाला तेव्हा तो पहिला होता. त्यामुळे काल सगळ्यात शेवटी तो बर्फावर आला. दोन वर्षांहून जास्त काळ हा मुलगा हरलेला नव्हता. आत्ता डिसेंबरमध्ये नागोयाला एकाच फ्री स्केटमध्ये त्याने सात क्वॉड मारले होते. आणि काल त्याची क्वॉड ॲक्सेल हवेतच उघडली आणि नुसती सिंगल झाली. जिथे १२.५ गुणांची उडी होती तिथे १.१ ची पडली. मग एकामागून एक बिघडत गेलं. दोनदा पडला. आठवा आला, आणि सोनं कझाकस्तानच्या मिखाईल शैदोरोव्हने नेलं. मी सोफ्यावर बसून तोंडावर हात धरून बघत होते. आणि सकाळी त्याचाच तुम्ही विनोद केला.

मला माझा भाचा आठवून राहिला सकाळपासून. माझ्या फ्रेंड लिस्टमधल्या जुन्या लोकांना त्याचं मल्लखांबाचं वेड माहीत आहे. महाल भागातल्या आखाड्यात जायचा, घरी आला की अंगाला एरंडेलाचा वास. नववीत असताना एका स्पर्धेत त्याला शेवटची उडी अवघड घ्यायची होती, खांबावरून हवेत पलटी मारून गादीवर. सर म्हणाले, साधी उतरणी घे, संच स्वच्छ होईल, नंबर येईल. हा ऐकेना. सराव केलाय न सर, मग इथे नाही तर कुठे मारू? मारली. हात निसटला, आडवा पडला गादीवर. माझ्या मागच्या खुर्चीत एक गृहस्थ बसले होते, ते खो-खो हसले. आपल्या पोराला कोपराने ढोसून म्हणाले, 'पाहिलं काय? जास्त शहाणपणा नाही करायचा.' त्यांच्या पोराने साधा संच केला होता, तो तिसरा आला. माझा भाचा कुठेच नाही.

त्या गृहस्थांचा राग माझ्या डोक्यातून अजून गेला नाही, आणि जाऊही नये असं मला वाटते.

आता दुसरे. आमचा स्केटिंगवाल्यांचा छोटा ग्रुप आहे. नागपूर, अमरावती, दोघी पुण्याच्या. हे माझे लोक, यांना सगळं कळतं. पण पहाटेपासून तिथेही काय चालू होतं? 'जजेसनी घोळ केला.' 'शैदोरोव्हला फुकटात सोनं मिळालं.' 'हा काय चॅम्पियन, समोरचे पडले म्हणून जिंकला.' अरे! तुम्ही पण?

जजेसना शिव्या देण्याआधी जरा बघा तरी ते करतात काय. २००२ साली सॉल्ट लेक सिटीत जोड्यांच्या स्पर्धेत फ्रेंच जजवरून केवढं रामायण झालं, शेवटी दोन जोड्यांना सुवर्ण द्यावं लागलं. त्यानंतरच ती जुनी ६.० पैकी गुण द्यायची पद्धत मोडीत काढून २००४ मध्ये ही नवी आणली. आता नऊ जज असतात, उडी, गिरकी अशा प्रत्येक घटकाला सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा आकडा गाळतात. फेरे पूर्ण झाले की नाही हे ते ठरवतच नाहीत, त्याला वेगळं टेक्निकल पॅनल असतं, ते रिप्ले बघून सांगतं. आणि २०१६ पासून कुठल्या जजने किती दिले ते नावासकट दिसतं. पक्षपात होतच नसेल असं मी म्हणत नाही. आपल्या देशाच्या पोराला हात सैल सुटतो, सगळ्यांना दिसतं ते. पण काल जो निकाल लागला तो जजेसनी लावला नाही. बर्फाने लावला.

माझं भांडण जजेसशी नाहीच. पद्धतीशी आहे, आणि ते कालच्यापेक्षा जुनं आहे.

बीजिंग २०२२ आठवा. जपानचा युझुरू हान्यू. सलग दोन ऑलिम्पिक सुवर्ण खिशात, २०१४ आणि २०१८ ची. अमेरिकेच्या डिक बटननंतर ६६ वर्षांनी असं कोणी केलं होतं. त्याला काहीही सिद्ध करायचं नव्हतं. शॉर्ट प्रोग्रामला पहिल्याच उडीच्या वेळी पातं बर्फातल्या खड्ड्यात गेलं, त्या उडीचा शून्य, आठवा नंबर. पदक हवं असतं तर फ्री स्केटमध्ये नेहमीच्या उड्या स्वच्छ मारायच्या, झालं असतं काम. पण हा क्वॉड ॲक्सेलला गेला, जी तोपर्यंत कोणालाच जमली नव्हती. पडला. आता हिशोब ऐका. उडीची मूळ किंमत १२.५. फेरा थोडा कमी पडला म्हणून १० झाली. उडी किती नीट मारली त्याचे जज अधिक-उणे गुण देतात, पडला म्हणून ते पूर्ण उणे, म्हणजे अर्धी किंमत गेली, उरले ५. वरून पडल्याचा वेगळा एक गुण कापला. हातात ४. आणि तिथेच ट्रिपल ॲक्सेल मारली असती तर? मूळ किंमत ८, हान्यूसारखी मारली तर १२ च्या घरात. म्हणजे जगात कोणी न केलेली गोष्ट करायला गेलात तर ४, रोजचीच गोष्ट केलीत तर १२. तो चौथा आला. कांस्यपदक जेमतेम दहा गुणांनी हुकलं.

आता सांगा, माझ्या भाच्याच्या सरांनी काय चुकीचं सांगितलं होतं? काहीच नाही. सरांना हिशोब बरोबर माहीत होता. म्हणूनच मला त्या हिशोबाचा राग येतो. जो हिशोब चांगल्या शिक्षकाकडून पोराला 'अवघड करू नको' असं म्हणवून घेतो, त्याच्यात काहीतरी चुकतंय.

व्हँकूवर २०१० चंही तेच. अमेरिकेच्या लायसेकने एकही क्वॉड न मारता सोनं नेलं, क्वॉड मारणारा रशियाचा प्लुशेन्को १.३१ गुणांनी मागे राहिला. प्लुशेन्को मला आवडत नाही, त्याचा तोरा मला कधी सोसला नाही. पण त्या दिवशी त्याचा मुद्दा बरोबर होता. पुढे क्वॉडच्या किमती वाढवल्याच की! म्हणजे पटलं होतं त्यांनाही.

बरं, आता पुण्याची मैत्रीण म्हणेल, मग पडणाऱ्यांना गुण वाटत सुटायचं का? २०१३ विसरलीस? नाही विसरले बाई. कॅनडातल्या लंडनला वर्ल्ड चॅम्पियनशिप, तिथलाच पॅट्रिक चॅन फ्री स्केटमध्ये दोनदा पडला तरी जिंकला. डेनिस टेन, कझाकस्तानचा, अख्खी रात्र जीव ओतून खेळला आणि १.३० गुणांनी दुसरा. तेव्हा मी पण पडण्याची शिक्षा वाढवा म्हणून ओरडत होते. मान्य. पण चॅनला तिथे वाचवलं ते शॉर्ट प्रोग्रामच्या आघाडीने आणि सादरीकरणाच्या गुणांनी, मोठ्या नावाला जे सढळ हाताने मिळतात त्या गुणांनी. माझी मागणी वेगळी आहे. फेरे पूर्ण केले, उडी खरोखर अवघड होती, आणि मग पडला, तर त्या फेऱ्यांची किंमत अर्ध्यावर आणू नका. एवढंच. पडला म्हणून कापा, पण जे हवेत केलं ते तर केलंच न त्याने!

डेनिसचं नाव लिहिलं आणि हात थांबला.

२०१८ च्या जुलैमध्ये अल्माटीला त्याच्या गाडीचे आरसे चोरणाऱ्यांना तो अडवायला गेला आणि त्यांनी चाकू मारला. २५ वर्षांचा होता. सोचीचं कांस्य जिंकलेला, त्या देशाचा फिगर स्केटिंगमधला पहिला ऑलिम्पिक पदकवाला. मी त्या दिवशी ऑफिसात होते, बाथरूममध्ये जाऊन रडले. बाहेर येऊन कोणाला काय सांगणार? नागपुरात कोणाला माहीत होता डेनिस टेन?

आणि काल मिखाईल शैदोरोव्ह जिंकला. त्याच अल्माटीचा. कझाकस्तानला हिवाळी ऑलिम्पिकमधलं सोनं १९९४ नंतर पहिल्यांदा मिळालं. त्याचा कोच कोण, तर अलेक्सेई उर्मानोव्ह, ज्याने स्वतः त्याच १९९४ च्या लिलेहामरला पुरुषांचं सोनं घेतलं होतं. हे सगळं कळलं तेव्हा मी मालिनिनसाठी रडत होते की याच्यासाठी, मला सांगता येत नव्हतं. आणि तुम्ही म्हणता फुकटात मिळालं? शॉर्ट प्रोग्रामनंतर पाचवा होता तो. हा पोरगा ट्रिपल ॲक्सेलला जोडून क्वॉड मारतो, लोक ज्याचा विचारही करत नाहीत तसलं कॉम्बिनेशन. सुरक्षित खेळणारा नाही तो. त्याने अवघड मारलं आणि तो उभा राहिला. मालिनिनने अवघड मारलं आणि तो पडला. दोघं एकाच जातीचे खेळाडू आहेत, आणि तुम्ही एकाला खाली खेचायला दुसऱ्याला वापरून राहिले. मालिनिनने स्वतः जाऊन त्याचं अभिनंदन केलं. जो हरला त्याला कळलं, तुम्हाला कळत नाही?

एक गोष्ट मात्र या पद्धतीची मला आवडते, तेवढं म्हणायला पाहिजे. तिचा कागद राहतो. हान्यूच्या बीजिंगच्या प्रोटोकॉलवर, म्हणजे गुणांच्या तक्त्यावर, लिहिलेलं आहे, क्वॉड ॲक्सेल, फेरा कमी, पडला. चारच गुण मिळाले असतील, पण त्याने ती मारली हे नोंदवलेलं आहे, अजून पन्नास वर्षांनीही कोणी उघडून बघू शकेल. माझ्या भाच्याच्या स्पर्धेत टेबलावर फक्त एक बेरीज होती. त्या बेरजेत कुठेच दिसत नाही की त्या दिवशी त्या गटात ती उडी घ्यायला गेलेला तो एकटा पोरगा होता. आम्हाला माहीत आहे, सरांना माहीत आहे. आणि मागच्या खुर्चीतल्या त्या गृहस्थांना, ज्यांना त्यातून शहाणपण दिसलं.

भाचा आता मोठा झाला. मल्लखांब सुटला नाही त्याचा, लहान पोरांना शिकवतो संध्याकाळी. काल रात्री त्याला मेसेज केला होता, बघून राहिलास काय? त्याने मालिनिनच्या पहिल्या पडण्यानंतर लिहिलं, 'मावशी, आता याने सोपं करू नये.' आणि खरंच, त्यानंतरही तो पोरगा क्वॉडला जात राहिला. हे त्या व्हिडिओत नाही. व्हिडिओ बनवणाऱ्याने पडणं तेवढं कापून घेतलं, उठणं कापून टाकलं.

तर सोसायटीच्या ग्रुपवर मी आत्ता तो व्हिडिओ काढायला सांगितला आहे. ॲडमिन भाऊंनी अजून उत्तर दिलं नाही. नाही काढला तर मी ग्रुप सोडणार, पाण्याच्या टँकरचे मेसेज वहिनी पाठवतील मला. आणि इथे खाली कोणी हसणारा चेहरा टाकला तर नातं बघणार नाही, सरळ ब्लॉक करीन.

बाकी, मार्चच्या शेवटी प्रागला वर्ल्ड चॅम्पियनशिप आहे. ज्यांना पहिल्यांदा नीट बघायचं आहे त्यांनी आमच्याकडे या, टीव्हीला मोबाइल जोडता येतो, नियम मी समजावून सांगते. काका, तुम्हालाही बोलावणं आहे. ट्रिपल आणि क्वॉडमधला फरक दिसायला लागला की मग पाहू तुम्ही काय म्हणता.