शून्याची नोकरी

आपली कन्या फुटबॉल खेळते आणि त्यातही गोलपोस्टखाली उभी राहते, हे कळल्यावर पुष्कळ पालक घाबरून तिला पुन्हा कथ्थकच्या क्लासला घालण्याची घाई करतात. अशी घाई करू नये. व्यावसायिक गोलरक्षक हा पेशा मुलीसाठी अत्यंत शांत आणि सोयीचा आहे, कारण त्यात काहीही न घडणे हेच काम असते. असे सुख एरवी निवृत्तीला दोन वर्षे उरलेल्या हेडक्लार्कच्याच वाट्याला येते.

सर्वप्रथम जागेचा विचार करावा, कारण मुंबईत कोणत्याही गोष्टीचा विचार तिथूनच सुरू होतो. नियमाप्रमाणे गोलची रुंदी ७.३२ मीटर आणि उंची २.४४ मीटर असते, आणि पुरुषांच्या व स्त्रियांच्या गोलमध्ये एका सेंटिमीटरचाही फरक केलेला नाही. मानधन, मैदानाची वेळ आणि प्रक्षेपण या बाबतींत समानता यायला वेळ लागेल, पण लाकडाच्या, म्हणजे आता अॅल्युमिनियमच्या, चौकटीपुरती ती केव्हाच आलेली आहे. हे मोजमाप मीटरमध्ये मनाला भिडत नसेल तर असे समजावे की ती साधारण १९२ चौरस फुटांची जागा होते. वरळीच्या बीडीडी चाळीत आख्खी कुटुंबे १६० चौरस फुटांत वाढली. इथे त्याहून मोठी जागा तुमच्या एकट्या मुलीच्या नावावर, तीही भाडे आणि पागडीशिवाय. अट एवढीच की आत कोणाला येऊ द्यायचे नाही. उंची वाढावी म्हणून तिला रोज बारला लोंबकळायला लावा, असे प्रत्येक शेजारी सुचवेल. ते जरूर करावे. त्याने उंची वाढत नाही, पण शेजाऱ्यांशी संबंध चांगले राहतात.

यानंतर ग्लोव्ह्जचे शास्त्र शिकावे, आणि ते पालकांनीच शिकावे, कारण मुलगी सरावाहून आल्यावर बॅग कोपऱ्यात टाकून झोपते. ग्लोव्ह्जच्या तळव्याला लेटेक्स असते. ते ओलसर असेल तरच चेंडूला पकड बसते आणि उन्हात वाळवले तर ते तडकते. म्हणून कोमट पाण्यात हलक्या हाताने धुवावेत, पिळू नयेत, सावलीत वाळत घालावेत. या सूचना ज्या कोणी लिहिल्या त्याने जुलैमधली मुंबई पाहिलेली नसावी. आमच्या गॅलरीतल्या दोरीवर हा जोड शाळेच्या गणवेशाशेजारी तीन-तीन दिवस लोंबतो, चौथ्या दिवशी तसाच दमट बॅगेत जातो आणि चर्चगेटच्या लेडीज डब्यात वरच्या फळीवर बसून आपले अस्तित्व जाहीर करतो. एकदा मेथी निवडत बसलेल्या एका काकूंनी मान वर करून विचारले, "सुकट कुणाची आहे गं?" कोणी उत्तर दिले नाही, पण त्या दिवशी कन्येला दादरच्या आतच चौथी सीट मिळाली. क्रिकेटच्या किटबॅगेने हा लाभ होत असल्याचे ऐकिवात नाही.

कृत्रिम गवताचेही आभार मानावेत. त्यावर बाजूला झेप घेतली की कमरेच्या हाडावरची तळहाताएवढी साल निघते, रात्री त्या जागी पायजमा चिकटतो आणि सकाळी तो कोमट पाण्याचा फडका लावून इंचाइंचाने सोडवावा लागतो. या वेळी मुलगी जो आवाज काढते तोच पुढे बचावफळीला ओरडून सूचना देताना कामी येतो.

नवीन नियमानेही घाबरू नये. हातात चेंडू आठ सेकंदांहून जास्त ठेवला तर आता प्रतिस्पर्ध्याला कॉर्नर मिळतो, आणि शेवटचे पाच सेकंद पंच हात उंचावून मोजतात. ज्या मुलीने संध्याकाळी विरार फास्टमधून बोरिवलीला उतरून दाखवले आहे, तिला आठ सेकंद म्हणजे सुट्टीच वाटेल.

खरी चैन मात्र दुसऱ्या गोलरक्षकाची असते. संघात दोघी-तिघी असतात, खेळते एकच. पळणाऱ्या खेळाडूंची अदलाबदल तासाभरात होतेच. गोलरक्षकाची, पहिलीला इजा झाली किंवा लाल कार्ड मिळाले तरच. त्यामुळे दुसरी मुलगी हंगामच्या हंगाम बाकावर बसून मैत्रिणीसाठी टाळ्या वाजवते, आणि देवापुढे ती नेमके काय मागते, हे तिला विचारू नये.

कीर्तीची काळजी असेल तर तीही सोडावी. १९९९च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात, नव्वद हजारांहून अधिक प्रेक्षकांसमोर, अमेरिकेच्या ब्रियाना स्करीने चीनची पेनल्टी अडवली आणि सामना फिरवला. जगभर छापले गेले ते शेवटची पेनल्टी मारून जर्सी काढणाऱ्या ब्रँडी चॅस्टेनचे छायाचित्र. पुढे २०१० मध्ये डोक्याला मार बसून स्करीची कारकीर्द संपली आणि तिच्यावर ऑलिंपिकची सुवर्णपदके गहाण ठेवण्याची वेळ आली. आपल्याकडे पाटल्या गहाण ठेवण्याचा अनुभव पिढ्यान्‌पिढ्यांचा असल्याने या बाबतीत आपल्या मुली मागे पडणार नाहीत. इंग्लंडची गोलरक्षक मेरी अर्प्स हिचे उदाहरण तर ताजे आहे. २०२३च्या विश्वचषकात नायकीने बाकीच्या संघाची जर्सी विक्रीला ठेवली, गोलरक्षकाची नाही. दीड लाखाहून अधिक लोकांनी सह्या केल्यावर थोड्या जर्सी काढल्या, त्या हातोहात संपल्या. गिऱ्हाईक नाही असे म्हणण्याची सोय एकदा गेली की व्यापाऱ्याचे किती नुकसान होते, हे दादरच्या कोणत्याही दुकानदाराला समजेल.

पैशांविषयी थोडक्यात. २०२३ मध्ये अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने ठरवले की इंडियन विमेन्स लीगमधल्या प्रत्येक क्लबने किमान दहा भारतीय खेळाडूंना वर्षाला किमान ३.२ लाख रुपयांचा करार द्यावा. महिन्याचे सत्तावीस हजारही होत नाहीत, हा हिशेब जेवताना काढू नये. भारताची गोलरक्षक अदिती चौहान २०१५ मध्ये वेस्ट हॅमकडून इंग्लंडमध्ये खेळली, पण ती तिथे आधी लफबरा विद्यापीठात स्पोर्ट्स मॅनेजमेंट शिकायला गेली होती, हे मुलीच्या कानावर घालत राहावे. आपल्याकडे पदवी हाच खरा गोलरक्षक. शिवाय राज्य सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. त्यासाठीच्या प्रमाणपत्राची पडताळणी करायला जाताना मात्र चेंडू अडवण्याचा अनुभव उपयोगी पडत नाही, कारण तिथे अडवणारे पलीकडच्या बाजूला असतात.

एवढे करूनही कोणी कन्येच्या भवितव्याविषयी शंका काढलीच, तर त्याला २०२२ सालचे नवी मुंबईचे उदाहरण सांगावे. आशियाई महिला चषक आपल्याच दारात होता. २० जानेवारीला डी. वाय. पाटील स्टेडियमवर इराणविरुद्ध भारताने एकही गोल खाल्ला नाही. सामना ०-० सुटला. तीन दिवसांनी संघात करोना पसरला, चायनीज तैपेईविरुद्ध पुरेशा खेळाडू उभ्या करता आल्या नाहीत आणि यजमान स्पर्धेबाहेर गेले. नियमानुसार इराणबरोबरचा सामनाही रद्दबातल ठरला. म्हणजे गोलरक्षकाने नव्वद मिनिटे जिवाच्या आकांताने काहीही घडू दिले नाही, आणि मग तेही घडले नाही असे ठरले. या पेशाची याहून शुद्ध अवस्था कोणत्याही देशाला अजून गाठता आलेली नाही.

आता शेवटची तयारी सत्काराची. कन्येची निवड राज्याच्या संघात झाली की आपल्या सोसायटीचा गणपती तिला सोडणार नाही. मंडळाचे अध्यक्ष शाल पांघरतील, नारळ देतील आणि माईक तोंडाशी धरून हमखास विचारतील, "तर बाळा, आतापर्यंत किती गोल केलेस?" त्या वेळी ऑफसाइड, क्लीन शीट वगैरे समजावत बसू नये, मागे आरती खोळंबलेली असते. तिने स्पष्ट आवाजात "शून्य" म्हणावे आणि नारळ दोन्ही हातांनी, छातीशी धरून घ्यावा. शाल परत घेत नाहीत, मी विचारून ठेवले आहे.