खुलासा: ‘डी.एड. बंद, आता बी.एड.च’ या मेसेजबद्दल

कोरेगाव, वाईकडच्या बारावीच्या पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘डी.एड. बंद झालं. बी.एड. केलं की पहिलीपासून शिकवता येतं.’ दोन्ही वाक्यं चुकीची आहेत.

डी.एड. म्हणजे प्राथमिक शिक्षकांची पदविका. तिचं नाव बदलून डी.एल.एड. झालं, एवढंच. बारावीनंतरच्या या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाचे प्रवेश 2025-26 लाही झाले. गोंधळाचं मूळ 2020 च्या शैक्षणिक धोरणात आहे. 2030 पर्यंत चार वर्षांचं एकात्मिक बी.एड. (पदवी आणि बी.एड. एकत्रच) ही शिक्षकांची किमान पात्रता करायची, असं त्यात म्हटलंय. म्हटलंय, अजून झालेलं नाही.

दुसरं वाक्य जास्त महागात पडेल. नुसत्या बी.एड.वर पहिली ते पाचवीला शिकवता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट 2023 मध्येच स्पष्ट केलंय. परवा एक विद्यार्थिनी साताऱ्याहून बी.एड.चं माहितीपत्रक घेऊन आली. मागच्या कोऱ्या बाजूला वडिलांनी पेनानं पदवी आणि बी.एड.च्या फीची बेरीज मांडलेली. ‘सर, मला पहिलीच्याच पोरांना शिकवायचंय.’ मग तिला डी.एल.एड.च हवं. त्यानंतर टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, आणि भरतीसाठी टेट, म्हणजे अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी. (नावं जुळ्यांसारखी, परीक्षा वेगळ्या. इथंही निम्मे पालक फसतात.)