समोरच तर आहे

पॅरिसपासून साधारण ५५ किलोमीटरवर वो-ल-व्हिकाँत नावाचा महाल आहे. तो आतून बघून होईपर्यंत माझे गुडघे शाबूत होते. मग आम्ही मागच्या पायऱ्यांवर आलो आणि ह्यांना बागेच्या टोकाला सोनेरी हर्क्युलिस दिसला.

"अगं, समोरच तर आहे. दहा मिनिटांत जाऊन येऊ."

हे वाक्य मी रायगडाच्या पायथ्याशीही ऐकलंय. पण गड उंच आहे हे निदान दिसतं तरी! इथे आंद्रे ल नोत्र् नावाच्या माळीबुवांनी साडेतीनशे वर्षांपूर्वी ठरवून डोळ्यांत धूळ फेकलीय. लांबचं ते सगळं मोठं केलं, त्यामुळे महालातून ते जवळ वाटतं आणि बाग कशी आटोपशीर दिसते. आपण चालू लागलो की हर्क्युलिसही मागे मागे सरकतो. शेवटच्या तळ्याला टेकल्यासारख्या दिसणाऱ्या कमानी आता येणार, तोच मध्ये कालवा! जवळजवळ किलोमीटरभर लांब. महालातून त्याचा थेंब दिसत नाही.

"वळसा घालू," हे म्हणाले.

कमानींत दोन नदीदेव आहेत, दोघंही आडवे पडलेले. अख्ख्या बागेत शहाणे तेवढेच.

महालाचा मालक निकोला फुके, चौदाव्या लुईचा अर्थमंत्री. १७ ऑगस्ट १६६१ला त्याने राजाला इथे जंगी मेजवानी दिली. मोलिएरचं नवं नाटक, दारूकाम, काही कमी नाही. ५ सप्टेंबरला राजाने त्याला पकडलं. मरेपर्यंत तो कैदेतच होता. अटक आधीच ठरली होती, अफरातफरीचा आरोप होता, असं इतिहास सांगतो. असेल. माझा संशय वेगळा आहे. जेवणाआधी त्याने राजाला "समोरच तर आहे" म्हणत कालव्यापर्यंत चालवलं असणार.

हर्क्युलिस मात्र तेव्हा नव्हता. तो बसवला एकोणिसाव्या शतकात, म्हणजे लोक अजून पुरेसे चालत नाहीत असं कुणाला तरी वाटलं.

इथे बॅटरीच्या गाड्या भाड्याने मिळतात, हे परतताना शेजारून सुळकन गेलेल्या एका आजीबाईंनी हात हलवून कळवलं.

"बघितल्या होत्या मी," हे म्हणाले, "पण समोरच तर होतं."

राजाने तरी काय केलं? त्याच ल नोत्र्ला घेऊन व्हर्सायला याच्याहून कितीतरी मोठी बाग करवून घेतली. तिथली उद्याची तिकिटं ह्यांनी काढून ठेवली आहेत.