योद्ध्याने तलवार टाकली म्हणून जखमी माणूस खोटा ठरत नाही

गेले काही आठवडे मोबाइलवरून एक लांबलचक मजकूर फिरत आहे. त्यात एका योद्ध्याची गोष्ट आहे. सात वर्षे तो एका किल्ल्याच्या तटावर लढतो. एके दिवशी त्याच्या लक्षात येते की, रोज तोच पक्षी त्याच वाटेने उडत जातो आणि सांडलेले रक्त सकाळपर्यंत नाहीसे झालेले असते. पुढे त्याला कळते की, हे सारे जग कोणीतरी संगणकावर चालवलेले सिम्युलेशन आहे आणि आपले बालपण, आईचा आवाज, लहानपणी गमावलेला भाऊ या सगळ्या आठवणी निर्मात्याने एका रात्रीत लिहून काढलेल्या आहेत. तो तलवार टाकतो, ‘मी कोणीच नाही’ असे म्हणतो आणि सर्व बंधनांतून मोकळा होतो. गोष्ट एवढ्यावर थांबली असती तर माझी तक्रार नव्हती, कारण कल्पित योद्ध्याला कोणताही शोध लागू शकतो. परंतु गोष्टीखाली पाच ‘सिद्ध झालेली सत्ये’ जोडलेली आहेत आणि तुमचे जगही असेच असल्याने तुमचे दुःख खोटे आहे, असा निष्कर्ष काढलेला आहे.

माझ्या थोरल्या भावाला जाऊन अजून वर्ष व्हायचे आहे. पुतण्याने हा मजकूर आपल्या आईला पाठवला आणि खाली लिहिले, ‘आई, हे वाच, तुझे रडणे थांबेल.’ मुलाचा हेतू वाईट नव्हता. वहिनींनी तो वाचून मला एवढेच विचारले, ‘भाऊजी, म्हणजे हे नव्हतेच का?’ त्यामुळे एरवी अशा मजकुराकडे ज्या सहनशीलतेने मी दुर्लक्ष करतो, ती या खेपेस माझ्याजवळ उरलेली नाही.

पहिले ‘सत्य’ असे की, आपण सिम्युलेशनमध्ये राहतो हे शास्त्रज्ञांनी सिद्ध केले आहे. पुरावा म्हणून निक बोस्ट्रॉम यांचे नाव दिलेले आहे. बोस्ट्रॉम हे तत्त्वज्ञ आहेत आणि त्यांचा या विषयावरील प्रसिद्ध निबंध २००३ साली ‘फिलॉसॉफिकल क्वार्टर्ली’ या नियतकालिकात आला. त्या निबंधात कोणताही प्रयोग नाही, निरीक्षण नाही, एक युक्तिवाद आहे, आणि त्या युक्तिवादाचा शेवट ‘आपण सिम्युलेशनमध्ये आहोत’ असा होत नाही. बोस्ट्रॉम म्हणतात की, तीन गोष्टींपैकी निदान एक तरी खरी असली पाहिजे: एक तर आपल्यासारख्या मानवजाती तेवढ्या प्रगत अवस्थेला पोहोचण्याआधीच बहुधा नष्ट होतात, किंवा पोहोचल्या तरी आपल्या पूर्वजांची सिम्युलेशने मोठ्या संख्येने चालवण्याच्या भानगडीत त्या जवळपास कधीच पडत नाहीत, किंवा मग आपण जवळजवळ निश्चितपणे सिम्युलेशनमध्ये आहोत. आज आपले अज्ञान इतके दाट आहे की या तिन्ही पर्यायांवर साधारण सारखाच विश्वास ठेवणे शहाणपणाचे ठरेल, असे तेच निबंधाच्या अखेरीस लिहितात. शिवाय मन हे मेंदूच्या पेशींवरच अवलंबून नसून योग्य रचनेच्या यंत्रातही जाणीव उत्पन्न होऊ शकते, हे त्यांनी सुरुवातीलाच गृहीत धरलेले आहे आणि ते गृहीतक असल्याचे उघडपणे सांगितलेले आहे. तीन पर्यायांतला एक उचलायचा, उरलेले दोन आणि गृहीतक गाळायचे आणि त्याला ‘सिद्ध’ म्हणायचे, ही हातचलाखी झाली. याच मुद्द्यात इलॉन मस्क यांचाही दाखला आहे. आपण मूळ वास्तवात असण्याची शक्यता अब्जांत एक असल्याचे ते २०१६ साली एका परिषदेत म्हणाले होते, हे खरे आहे. पण उद्योगपतीने व्यासपीठावर व्यक्त केलेले मत हा प्रयोगाचा निष्कर्ष होत नाही.

दुसरा मुद्दा लवकर आटोपता येतो. प्रकाशाचा वेग ही म्हणे विश्वाच्या प्रोसेसरची मर्यादा आहे आणि प्लांक लांबी नावाचे भौतिकशास्त्रातले अतिसूक्ष्म अंतर हा त्याचा पिक्सेल आहे. निर्मात्याचा संगणक मंद चालला, तर आतल्या माणसांची घड्याळे आणि त्यांचे विचारही त्याच प्रमाणात मंद होतील, तेव्हा आत मोजलेल्या सेकंदाला २,९९,७९२ किलोमीटर या वेगावरून बाहेरच्या यंत्राची ताकद समजण्याची काहीच सोय नाही. प्लांक लांबी हा आकडा गुरुत्वस्थिरांक, प्लांकचा स्थिरांक आणि प्रकाशाचा वेग यांच्या गणिती जुळणीतून निघतो; अवकाशाचे तेवढे तुकडे कोणी पाहिलेले किंवा मोजलेले नाहीत. उलट २००९ साली फर्मी दुर्बिणीने अब्जावधी प्रकाशवर्षांवरून आलेल्या एका गॅमा किरणांच्या स्फोटाची नोंद घेतली, तेव्हा अवकाश दाणेदार असल्यास वेगवेगळ्या ऊर्जेच्या किरणांच्या वेगात जो फरक पडेल असे काही सिद्धांत सांगत होते, तो आढळला नाही. न्यायाने हेही सांगितले पाहिजे की, २०१७ मध्ये एका भौतिकशास्त्रीय निबंधाचा आधार घेऊन ‘सिम्युलेशन अशक्य असल्याचे सिद्ध’ अशा ज्या बातम्या झळकल्या, त्याही तितक्याच पोकळ होत्या. तो निबंध विशिष्ट पुंजभौतिकी (क्वांटम) प्रणालींची आकडेमोड एका विशिष्ट पद्धतीने करताना येणाऱ्या अडचणीबद्दल होता.

तिसऱ्या मुद्द्यात वेदान्ताला वेठीला धरले आहे: ‘शंकराचार्यांची माया म्हणजेच सिम्युलेशन, आणि श्रीकृष्णाने अर्जुनाला हेच सांगितले.’ इथे अर्धे सत्य आहे, हे नाइलाजाने मान्य करतो. शंकराचार्यांच्या गुरूंचे गुरू मानले जाणाऱ्या गौडपादांच्या कारिकांत जागृतीची तुलना स्वप्नाशी केलेली आहे आणि अद्वैतात जगाला अंतिम सत्ता नाही. परंतु बाहेर वस्तूच नाहीत, केवळ कल्पना आहेत, असे म्हणणाऱ्या विज्ञानवाद या बौद्ध मताशी ब्रह्मसूत्रभाष्यात वाद घालताना शंकराचार्यांनी नेमकी उलट बाजू घेतली आहे. ‘वैधर्म्याच्च न स्वप्नादिवत्’ या सूत्रावर ते सांगतात की, स्वप्नातल्या वस्तूचा जागे झाल्यावर बाध होतो, म्हणजे ती नव्हतीच असे कळते, तसा जागेपणी दिसणाऱ्या खांबाचा कोणत्याही अवस्थेत होत नाही. त्याआधीच्या सूत्रावर तर ते प्रतिपक्षाची गंमतच करतात: जेवून तृप्त होत असलेल्या माणसाने ‘मी जेवत नाही आणि तृप्तही होत नाही’ असे म्हणावे, तसे तुमचे बोलणे आहे. ज्ञानेश्वरांनी अमृतानुभवाचे सातवे प्रकरण अज्ञानाच्या खंडनाला दिले आणि जगाकडे फसवणूक म्हणून न पाहता चैतन्याचा विलास म्हणून पाहिले. अर्जुनाबद्दल बोलायचे, तर मजकूर लिहिणाऱ्याने गीतेचा दुसरा अध्याय उघडूनही पाहिलेला दिसत नाही. समोरच्या वीरांविषयी श्रीकृष्ण पहिल्याच ओघात म्हणतात, ‘न त्वेवाहं जातु नासं न त्वं नेमे जनाधिपाः’. मी नव्हतो, तू नव्हतास किंवा हे राजे नव्हते, असे कधीच नव्हते. हा श्लोक पटो वा न पटो, ‘समोरचे मुळात नाहीतच’ असे तो सांगत नाही, हे वाचता येणाऱ्या कोणालाही कळेल. वहिनींनाही मी तोच वाचून दाखवला.

चौथा मुद्दा योद्ध्याच्या ओळखीचा आहे आणि गोष्टीतला खरोखर विचार करण्याजोगा भाग हाच आहे. आठवणी दुसऱ्याने लिहिलेल्या असतील तर ‘मी’ म्हणून काही उरते का? तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल यांनी १९२१ साली दाखवून दिले होते की, जग पाच मिनिटांपूर्वी, न घडलेल्या भूतकाळाच्या आठवणींसकट, अस्तित्वात आले असे म्हटले तर त्यात तार्किक विसंगती दाखवता येत नाही. म्हणजे योद्ध्यावर आलेली शंका कोणावरही आणता येते. पण मजकूर लिहिणाऱ्याने स्वतःचीच गोष्ट नीट वाचलेली नाही. निर्मात्याने रात्रीत लिहिले ते बालपण. तटावरची सात वर्षे त्या जगात प्रत्यक्ष घडली. गोष्टीत एका रात्री ज्या सोबत्याला त्याने मोडक्या पायानिशी खांद्यावर घेऊन दरवाजापर्यंत आणले, तो सोबती लिहून दिलेल्या आठवणींत नव्हता. त्या रात्री धाप लागली ती त्यालाच, आणि परत फिरायचे नाही हे ठरवले तेही त्यानेच. मोठेपणी आपण दत्तक असल्याचे कळलेल्या माणसाची आपल्या जन्माविषयीची समजूत खोटी ठरते आणि तो हादरतो, पण म्हणून तो ‘कोणीच नाही’ होत नाही. योद्ध्याचेही तसेच आहे. त्याच्या उगमाची हकिगत खोटी निघाली, एवढेच सिद्ध झाले. त्याला भावाचा शोक होतो, आणि तो भाऊ कधीच नव्हता हे कळल्यावर त्या शोकाचे काय करायचे, हा अवघड प्रश्न आहे. गोष्टीने त्यावर विचार केला असता तर मी ती चार जणांना आवर्जून वाचायला दिली असती. गोष्ट मात्र एका वाक्यात ‘मी कोणीच नाही’ म्हणून मोकळी होते, कारण पाचव्या मुद्द्याकडे जायची तिला घाई आहे.

पाचवा मुद्दा घातक आहे. सत्य कळल्यानंतर योद्धा रणांगणातून चालत जातो. वाटेत तोच सोबती जखमी होऊन पडलेला आहे आणि पाणी मागतो आहे. योद्धा थांबतो, त्याच्याकडे पाहतो आणि म्हणतो, ‘तू तहानलेला नाहीस, तुझ्या तोंडी ते वाक्य लिहिलेले आहे.’ मग कमरेची भरलेली मशक तशीच ठेवून तो पुढे जातो. या कृतीला मजकुरात ‘मुक्ती’ म्हटले आहे, आणि खाली उपदेश केला आहे की, तुमच्या भोवतालची बहुतेक माणसे, गेम खेळणारी मुले ज्यांना एनपीसी म्हणतात तशी, आत कोणी नसलेली पात्रे आहेत, तेव्हा त्यांच्यासाठी रडू नका.

आता हा योद्धा आणि तो जखमी सोबती एकाच जगातले, एकाच पद्धतीने चालवलेले. सोबत्याचे ओठ कोरडे पडणे ही नुसती आकडेमोड असेल, तर योद्ध्याला ‘मी कोण’ म्हणून झालेली तगमगही आकडेमोडच आहे, आणि मग तिच्यावर तीन परिच्छेद खर्च करून वाचकाला हळवे करण्याचे कारण नव्हते. योद्ध्याची तगमग खरी मानायची, तर सोबत्याची तहान खोटी म्हणायला वेगळा पुरावा द्यावा लागेल, आणि तो गोष्टीत शोधूनही सापडत नाही. त्याला फक्त जग सिम्युलेटेड असल्याचे कळले आहे. सोबत्याला जाणीव नाही, असे त्याला कोणीही सांगितलेले नाही. आपणच खरे आणि बाकी सगळी बाहुली, असे त्याने परस्पर ठरवून टाकले आहे. तत्त्वज्ञ डेव्हिड चामर्स यांनी तर असे प्रतिपादन केले आहे की, आपण सिम्युलेशनमध्ये असलो तरी आपल्या भोवतीच्या वस्तू खोट्या ठरत नाहीत. त्या अंतिमतः कशाच्या बनलेल्या आहेत, याबद्दलची आपली समजूत तेवढी बदलते. त्या हिशेबाने मशकीतले पाणी अणूंचे नसून अंकांचे निघेल. सोबत्याचा घसा त्याच अंकांचा आहे आणि तो कोरडा पडलेला आहे.

गंमत म्हणजे ज्या बोस्ट्रॉम यांच्या नावावर हा डोलारा उभा केला आहे, त्यांनी याच शंकेचा विचार त्याच निबंधात केलेला आहे. काही मोजक्याच माणसांना जाणीव आणि बाकीच्या नुसत्या छाया, असे सिम्युलेशन असू शकेल, हे ते नाकारत नाहीत. परंतु बहुतेक सिम्युलेटेड माणसे अशा एकट्यापुरत्या जगात असायची, तर तसली सिम्युलेशने संपूर्ण मानवजातीच्या सिम्युलेशनांच्या सुमारे १०० अब्ज पट असावी लागतील, असा हिशेब ते मांडतात. ‘जगात दुःखच नाही, दुःखाच्या आठवणी तेवढ्या भ्रम आहेत’ ही कल्पनाही ते मांडतात आणि लगेच जोडतात की, या कल्पनेचा गंभीरपणे विचार आपण स्वतः दुःखात नसतो त्याच वेळी करता येतो. तिसरा पर्याय जरी खरा निघाला, तरी त्यामुळे वेडे होण्याचे किंवा रोजचे व्यवहार आणि उद्याचे बेत सोडून देण्याचे कारण नाही, आणि आपले जग कसे चालते हे जाणण्याचा सर्वांत चांगला मार्ग त्याचे नेहमीचे निरीक्षण हाच आहे, असेही त्यांनी स्पष्ट लिहिले आहे. मजकुराचा कर्ता ज्यांना साक्षीला उभे करतो, त्यांची साक्ष अशी त्याच्याच विरोधात जाते.

समजा, योद्ध्याला सोबत्याच्या जाणिवेची खात्री कोणत्याच बाजूने नाही. तरीही पाणी देण्यात चूक झाली तर चार घोट पाणी वाया जाईल आणि न देण्यात चूक झाली तर एक जीव तहानेने तडफडून मरेल. एवढा हिशेब सात वर्षे तटावर पहारा दिलेल्या माणसाला जमू नये, याला मुक्ती म्हणण्यापेक्षा पळवाट म्हणणे योग्य होईल. आपल्या हातून मेलेल्यांचा विचार त्याला सहन होत नव्हता, हे गोष्टीत आधी येऊन गेले आहे. ते सगळे नव्हतेच, असे म्हणण्याची सोय झाल्याबरोबर त्याने ती वापरली.

मजकुराच्या अखेरीस, हा संदेश किमान दहा जणांना पाठवून त्यांना ‘जागे करा’, अशी आज्ञा आहे. आत कोणी नसलेल्या दहा पात्रांना जागे कसे करायचे, याचा खुलासा मात्र केलेला नाही. पुतण्याला मी हे सगळे असेच लिहून पाठवले आहे आणि त्याला वाद घालायचा असेल, तर आधी बोस्ट्रॉम यांचा मूळ निबंध वाचून ये, असे सांगितले आहे. तो फार मोठा नाही आणि इंटरनेटवर फुकट मिळतो.