रंग शाबूत, चौकट गायब

ढेकूण झाले तर लोक लपवतात, उंदीर झाला तर रंगवून किस्से सांगतात, आणि झुरळं तर सगळ्यांकडे असतात पण कबूल कोणी करत नाही. वाळवीचं तसं नाही. "आमच्याकडे वाळवी लागलीय" एवढं तोंडातून निघायचा अवकाश, समोरचा खुर्ची पुढे ओढून बसतो आणि त्याच्याकडे रामबाण उपाय असतोच असतो. मी भाजीवालीला सहज बोलले तर मागे रांगेत उभ्या असलेल्या अनोळखी बाईंनी हिंगाचं पाणी मारा म्हणून सांगितलं. किती हिंग, तर भरपूर. हिंगाचा भाव बघता चौकट सागवानी नवीन करून स्वस्त पडली असती, असो.

आमच्याकडे शोध लावला तो कामाच्या मावशींनी. "ताई, बाथरूमच्या दाराशेजारी भिंतीवर मातीची रेघ येतेय, पुसली की दोन दिवसांनी परत हजर." मी म्हटलं ओल असेल, तर त्या म्हणाल्या ओल खालून वर वळणं घेत जाते होय? मुद्दा बिनतोड होता. मग नवऱ्याने मोबाईलचा टॉर्च लावला आणि मी झाडूच्या काडीने ती रेघ जरा टोकरली. आत चक्क बोगदा, पेन्सिलीच्या जाडीचा, आणि त्यातून पांढरट, जवळजवळ पारदर्शक किडे नुसते खालीवर पळतायत. मधेच एकदोन पिवळट-तपकिरी मोठ्या डोक्याचे, ते फुटलेल्या जागी तोंड बाहेर काढून उभे राहिले. ते सैनिक म्हणे. बाकीचे कामगार, आणि हे कामगार आंधळे असतात हे नवऱ्याने त्याच रात्री यूट्यूबवर बघून सांगितलं. सकाळी उठून बघते तर टोकरलेला तुकडा ओल्या मातीने बुजवून फिनिशिंगसकट तयार. आमच्या पुण्यात महिनोन् महिने उकरून ठेवलेल्या रस्त्यावरून रोज स्कूटर चालवणारी बाई मी, मला राग यायच्या आधी कौतुकच वाटलं.

कौतुक फार टिकलं नाही कारण नवऱ्याने स्क्रू ड्रायव्हर आणला आणि चौकटीवर ठोकून बघायला लागला. ठक, ठक, ठक, आणि मग एकदम पोकळ डब. जरा दाबला तर खारीत सुरी जावी तसा अख्खा दांडा आत. बाहेरून ऑइलपेंट तसाच चकचकीत, बिजागऱ्या जागच्या जागी, आणि मधलं लाकूड नाहीच. म्हणजे आम्ही कित्येक दिवस बाथरूमची कडी लावून आत निर्धास्त बसत होतो ते फक्त रंगाच्या भरवशावर.

यानंतर नवऱ्याच्या अंगात संशोधक शिरला. रोज जेवताना वाळवी. वाळवीला पांढरी मुंगी म्हणतात पण ती मुंगीच्या कुळातली नाहीच, ती झुरळाच्या खानदानातली. यावर सासूबाई फक्त "तरीच" म्हणाल्या. वाळवीच्या पोटात सूक्ष्म जीव असतात आणि लाकूड खरं तर ते पचवतात, तिला एकटीला तेवढं जमत नाही. राणी दिवसाला हजारो अंडी घालते, पोट एवढं फुगतं की तिला जागचं हलताही येत नाही, दहा-पंधरा वर्षं सहज जगते, आणि मुंग्यांमध्ये नर मरून जातो पण वाळवीत राजा जन्मभर राणीशेजारीच असतो. "तो काय करतो दिवसभर?" सासूबाईंनी विचारलं. "काही नाही, नुसता असतो." सासूबाईंनी लेकाकडे बघितलं आणि त्याला अजून एक पोळी वाढली.

सासूबाई मूळच्या सिंधुदुर्गातल्या. तिकडे आणि गोव्यात सातेरी देवीची देवळं आहेत, त्यातल्या कित्येक देवळांच्या गाभाऱ्यात मूर्तीच्या जागी वारूळच पुजतात. त्यामुळे त्यांचं धर्मसंकट. वारूळ दिसलं की हात जोडायचे हे लहानपणापासूनचं वळण, आणि ते वारूळ बांधणारी वाळवीची फौज बाथरूमच्या चौकटीत, म्हणजे हात जोडायचे ते नेमके कुठल्या दिशेला. त्यात नवऱ्याने सांगितलं की कोकणात पहिल्या पावसानंतर वारुळावर जी अळंबी येते ती वाळवीचीच शेती, काही जातींची वाळवी चावलेल्या लाकडावर, पाल्यावर बुरशी वाढवते आणि तीच खाते, अळंबी म्हणजे त्या बुरशीला आलेलं फळ. सासूबाईंचा चेहरा खुलला. "मग एवढी चौकट खाल्लीन् मेलीनं, एक वेळच्या भाजीपुरती अळंबी तरी द्यायची!"

तोवर सल्लागार मंडळ वाढत होतं. सासूबाईंचं मत रॉकेल. पण रॉकेल आता मिळतं कुठे, रेशनवरून गेलं त्याला जमाना झाला. व्हॉट्सअॅपवर संत्र्याच्या साली, कडुलिंबाचं तेल, मिठाचं पाणी, व्हिनेगर, हे सगळं मिळून चौकटीला लोणच्याचा वास यायला लागला आणि वाळवीची रेघ तेवढी एक वीत बाजूला सरकून स्विचबोर्डाकडे निघाली. समोरच्या फ्लॅटमधले काका बँकेतून रिटायर झालेले, त्यांचं एकच पालुपद, "राणी मारा, विषय संपला." बरोबर आहे काका, पण राणी आमच्या चौकटीत नाही हो बसलेली, ती कुठेतरी जमिनीखाली, पार्किंगच्या पलीकडे, कदाचित त्या वाळलेल्या गुलमोहराच्या बुंध्याशी असेल. उंटावरून शेळ्या हाकणं सोपं असतं, इथे शेळ्याही दिसत नव्हत्या.

शेवटी पेस्ट कंट्रोलवाले बोलावले. हे लोक आले की आधी घराकडे बघून मान हलवतात. डॉक्टरांकडे पण एवढी धडधड होत नाही. एकजण बोलला पूर्ण घर करावं लागेल, दुसरा बोलला पूर्ण घर तर करावंच लागेल पण आम्ही स्वस्तात करू, तिसऱ्याने पाच वर्षांची वॉरंटी देतो म्हणून कार्ड दाखवलं. परत आली तर? परत येऊन करून देतो मॅडम. आणि तुम्ही नाही सापडलात तर? यावर तो मनापासून हसला, आणि खरं सांगते त्या प्रामाणिक हसण्यावर आम्ही त्यालाच काम दिलं.

आता ज्यांनी हे केलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. भिंत आणि फरशी जिथे मिळते त्या कडेने साधारण फुटाफुटावर ड्रिलने बोटभर भोकं पाडतात, त्यात औषध सोडतात आणि वरून व्हाइट सिमेंट भरतात. लाकडात पण तिरकी बारीक भोकं मारून इंजेक्शनं देतात. ऐकायला दहा मिनिटांचं काम वाटतं. पण त्यासाठी अख्ख्या घरातली प्रत्येक वस्तू भिंतीपासून सुटी करून खोलीच्या मधोमध आणावी लागते. फ्रिज, कपाटं, दिवाण, देव्हारा, शिवणयंत्र, आणि माळा. माळ्यावर काय काय आहे हे आपण विसरलेलो असतो म्हणून तर संसार चालू असतो!

माळ्यावरून पहिल्यांदा नवऱ्याचे दिवाळी अंक उतरले. कॉलेजपासून जमवलेले, "रिटायर झाल्यावर वाचणार" म्हणून सुतळीने बांधून ठेवलेले गठ्ठे. वरचा अंक उचलला, मुखपृष्ठावरची बाई पणती घेऊन हसतेय, पान उलटायला गेलं तर पानच नाही, आत नुसती माती आणि लेस. संपादकीयापासून राशिभविष्यापर्यंत सगळं फस्त. मधल्या चकचकीत कागदावरच्या जाहिराती तेवढ्या बऱ्यापैकी शाबूत होत्या. नवरा बराच वेळ तो गठ्ठा मांडीवर घेऊन बसला. मग आमच्या लग्नाचा अल्बम. त्यात पुठ्ठ्याची पानं गेलेली, फोटो कडेने कुरतडलेले, अंतरपाटाच्या फोटोत मी आहे, अंतरपाट आहे, नवरा नाही. आणि न खाल्लेलं काय, तर संपलेल्या विम्याच्या पॉलिसी प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये जशाच्या तशा, भिशीत मिळालेली स्टीलची ताटं, आणि कपडे वाळत घालायच्या कामी आलेली व्यायामाची सायकल. जे कोणालाही नको होतं ते सगळं सुखरूप.

सासूबाई मात्र एका जुन्या ट्रंकेजवळून हलेनात. उघडली तर साड्यांच्या खाली वर्तमानपत्र, आणि वर्तमानपत्राच्या खाली पाचशेच्या जुन्या चारपाच नोटा, कडा खाल्लेल्या. 2016 साली सगळं घर बँकेच्या रांगेत उभं होतं तेव्हा यांनी अवाक्षर काढलं नव्हतं. "आधी सरकारने खाल्ल्या, मग वाळवीने, तुम्ही कोणी खाल्ल्या नाहीत ना, मग झालं तर," असं म्हणून त्यांनी ट्रंकेचं झाकण लावलं. समोरच्या काकांना ही बातमी कशी कळली देवजाणे, ते लगेच आले आणि 2011 साली उत्तर प्रदेशात बाराबंकी जिल्ह्यातल्या एका बँकेत वाळवीने सुमारे एक कोटीच्या नोटा कशा खाल्ल्या ते उभ्या उभ्या सांगून गेले, आणि सांगताना आवाजात असा काही अभिमान की जणू ती वाळवी त्यांच्याच ब्रँचला पोस्टिंगवर होती.

ड्रिलिंगचा दिवस मी वर्णन करत नाही. कन्सील्ड पाइप कुठून गेलाय हे नवऱ्याने छातीठोकपणे सांगितलं, ड्रिलवाल्या पोराने त्याच्याकडे बघून न बघितल्यासारखं केलं आणि स्वतःच्या अंदाजाने भोक पाडलं, म्हणून पाइप वाचला. धूळ तर आजही डाळीच्या डब्यात सापडते. पण खरा वाद औषधावर झाला. पूर्वी क्लोरपायरिफॉस मारायचे, त्याचा वास घरात आठवडेच्या आठवडे जायचा नाही. आता इमिडाक्लोप्रिड वापरतात, त्याला वासच नाही जवळपास. सासूबाई पदर नाकाला लावून तयारीत बसलेल्या, वासच येईना. "अरे बाळा, नुसतं पाणी मारतोयस का रे?" त्या पोराने बिचाऱ्याने समजावलं की आजी, वास आपल्याला नाही येत आणि वाळवीला पण कळत नाही, ती त्यातून चालत जाते, अंगाला लावून घेऊन बाकीच्यांना पण देते, तेच तर पाहिजे. सासूबाईंना अजिबात पटलं नाही. वास नाही ते औषध कसलं! मग त्याने गाडीतून बाटली आणून लेबल दाखवलं, त्यांनी चष्मा लावून वाचलं, आणि त्याला चहा दिला, पण रात्री झोपताना उंबऱ्याशी डांबराच्या गोळ्या ठेवल्याच.

मग सुतार. चौकट काढताना त्याने एक तुकडा नखाने खरवडला, नाकाशी धरला आणि म्हणाला, "वहिनी, हा साग नाय." आमच्या बिल्डरच्या माहितीपत्रकात सागवानी चौकटी लिहिलेलं होतं, ते माहितीपत्रक मात्र वाळवीने खाल्लं नव्हतं, लॅमिनेटेड होतं. मिस्त्रीने वर ज्ञान दिलं की सागाच्या गाभ्याच्या लाकडाला वाळवी सहसा तोंड लावत नाही पण बाहेरचं पांढरं लाकूड असेल तर तो सागही खाते, आणि मुळात ओल असल्याशिवाय ती एवढ्या वर येत नाही, तुमच्या वरच्यांच्या बाथरूममधून झिरपतंय. आता बाथरूमला ग्रॅनाइटची चौकट बसवलीय. खा म्हणावं.

झिरपणं निघालं म्हणजे सोसायटी आली. कमिटीच्या मीटिंगमध्ये सेक्रेटरींनी अतिशय गंभीरपणे प्रश्न टाकला की वहिनी, वाळवी कॉमन एरियातून तुमच्या फ्लॅटमध्ये आली की तुमच्या फ्लॅटमधून कॉमन एरियात चाललीय? कारण खर्च त्यावर अवलंबून. वरचे म्हणाले आमच्याकडे गळती नाही, फक्त पाणी येतं. नवऱ्याने आय. एस. 6313 नावाचं भारतीय मानक डाउनलोड करून आणलेलं, त्याचा दुसरा भाग बांधकामाआधी जमिनीत औषध मारण्याबद्दल आणि तिसरा बांधून झालेल्या इमारतींबद्दल, त्यातला तिसरा भाग तो उभा राहून वाचायला लागला. पहिल्या पानावर कोरम संपला. ठराव झाला तो एवढाच की गुलमोहराचा बुंधा काढावा, आणि तो काढायला महापालिकेची परवानगी लागेल का याची चौकशी करायला उपसमिती नेमावी.

वाळवी गेली आमची, टच वूड म्हणायची सोय राहिली नाही तो भाग वेगळा. नवऱ्याची सवय मात्र गेलेली नाही. तो आता कोणाच्याही घरी गेला की दारातच चौकटीवर बोटाने ठक ठक करतो. गेल्या महिन्यात भाच्यासाठी स्थळ बघायला आम्ही सगळे चिंचवडला गेलो होतो, पोहे आलेले, मुलगी आलेली, आणि हा हॉलमधून बाल्कनीकडे जाताना थबकला. ठक, ठक, डब. "पोकळ आहे," तो मोठ्याने म्हणाला. नणंदेने डोळेच मिटून घेतले. मुलीचे वडील उठले, आत गेले, आता आपल्याला घालवून देणार असं मला वाटलं, तर ते स्क्रू ड्रायव्हर घेऊन बाहेर आले. पुढचा अर्धा तास ते दोघं गुडघ्यावर बसून चौकट तपासत होते आणि मुलगा-मुलगी आपापल्या मोबाईलमध्ये. लग्नाचं अजून काही कळवलेलं नाही त्यांनी, पण पेस्ट कंट्रोलवाल्याचा नंबर घेतला, आणि तुमच्या रेफरन्सने काम मिळालं म्हणून त्याने आमचं पुढच्या वर्षीचं चेकिंग फ्री केलंय.