फोनवर जरा मोठ्यानं बोलत जा

परवा रंकाळ्यावर भेळ खाल्ली आणि संपल्यावर खालचा कागद बघितला तर कुणाच्यातरी आधार कार्डाची झेरॉक्स. फोटो काळाकुट्ट आलेला, म्हणूनच टाकून दिली असणार, पण नंबर, पत्ता, जन्मतारीख सगळं सुटसुटीत वाचता येत होतं, पिनकोडवर तेवढं चिंचेचं पाणी सांडलेलं. मित्र म्हणाला, त्यात काय भावा, आपल्याकडं लपवण्यासारखं हाय तरी काय.

हे वाक्य पाठ करून ठेवा. चांगल्या नागरिकाची सुरुवात इथनं होते.

आता पुढचं. सरकार आपला फोन ऐकतंय म्हणून चिडायचं नाही, ही जुनी परंपरा आहे आणि परंपरेला आपण मान देतो. तारेचा कायदा १८८५ चा. शाहू महाराज कोल्हापूरच्या गादीवर दत्तक येऊन वर्षच झालेलं तेव्हा. त्या कायद्याचं कलम ५ म्हणजे सार्वजनिक आणीबाणी असली किंवा सार्वजनिक सुरक्षेचा प्रश्न आला की तुमचा निरोप मधल्यामधी वाचायची सोय. इंग्रज गेला, कलम राहिलं. २०१३ च्या जुलैत तार बंद पडली, लोकांनी शेवटची तार म्हणून रांगा लावून फोटो काढले, तरी कायदा ठणठणीत. त्याच्या आदल्याच महिन्यात तिकडं स्नोडेन नावाच्या माणसानं अमेरिकेचं सरकार लोकांचे फोन आणि ईमेल चाळतंय हे बिंग फोडलेलं आणि आपण बिंदू चौकात चहा पीत म्हणत होतो, काय लोकं असतात बघा एकेक. २०२३ ला नवीन टेलिकम्युनिकेशन कायदा आला, त्यातलं हे कलम वाचून बघा, जुना पाहुणा नवीन शर्ट घालून आल्यासारखं वाटतं.

कोर्टात जायचं मनात आलं तर आधी उत्तर प्रदेशातल्या खडक सिंगचं आठवा. दरोड्याच्या केसमधनं पुराव्याअभावी सुटला, तरी पोलिसांनी त्याची हिस्ट्रीशीट उघडली आणि रात्रीअपरात्री दार वाजवून आहेस का घरात म्हणून बघायला यायचे. १९६२ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं, रात्रीचं दार वाजवणं चूक, पण प्रायव्हसी नावाचा मूलभूत हक्क काही घटनेत दिसत नाही. ते दिसायला २०१७ उजाडलं. नऊ न्यायमूर्ती, एकमतानं, आणि अर्ज कुणाचा तर पुट्टास्वामी नावाच्या रिटायर्ड जजचा. म्हणजे जज असाल, वयाची नव्वदी गाठली असेल आणि हाताशी वेळ असेल तर जरूर जा. तुम्हाला हप्ते भरायचेत, तुम्ही कशाला.

शिवाय तुमच्यासाठी बंदोबस्त केलेलाय की. १९९६ ला कोर्टानं फोन टॅपिंगला नियम घालून दिले, गृहसचिवाची सही पाहिजे, ऑर्डर दोन महिन्यांची, आणि वर तपासायला कमिटी. कमिटीत कोण, तर कॅबिनेट सचिव, कायदा सचिव, टेलिकॉम सचिव. तिघंही सरकारचेच, म्हणजे घरच्या पोराचा पेपर घरातच तपासायचा, बाहेर कशाला बोभाटा. डेटा संरक्षणाचा कायदा कसा असावा ते सांगायला नेमलेल्या श्रीकृष्ण समितीनं २०१८ ला लिहून ठेवलंय की दोन महिन्यातनं एकदा बसणाऱ्या ह्या कमिटीपुढं एका बैठकीत १५,००० ते १८,००० ऑर्डरी येतात. मी कॅल्क्युलेटर काढला. आठ तास, चहा नाही, बाथरूम नाही, तरी एका ऑर्डरीला दोन सेकंद पण येत नाहीत. आमच्या मिसळवाल्याला "कट वाढ" म्हटल्यावर तो मान वर करायला ह्याच्यापेक्षा जास्त वेळ घेतो.

पेगासस, म्हणजे ते फोनात गुपचूप घुसून हेरगिरी करणारं सॉफ्टवेअर, वगैरे डोक्यात घेऊ नका. कोर्टानं कमिटी नेमली, २९ फोन तपासले, पाचात कसलंतरी मालवेअर निघालं पण ते पेगाससच असं काही सांगता येईना आणि सरकारनं सहकार्य केलं नाही असं सरन्यायाधीशांनीच कोर्टात सांगितलं. तुमचा फोन गरम झाला तर आत्याबाईंचे गुड मॉर्निंग जास्त झालेत असं समजा. १९९१ ला राजीव गांधींच्या घराबाहेर हरियाणाचे दोन पोलीस पाळतीवर दिसले तर पंतप्रधान चंद्रशेखरांचं सरकार गेलं, पण ते राजीव गांधी होते. तुमच्या घराबाहेर दोघं दिसले तर बुलेट लावायला जागा शोधत असतील.

आणि पाळतीचं आपल्याला नवं काय आहे हो? आमच्या समोरच्या गॅलरीत मावशी बसलेल्या असतात, बुधवारी मटणाची पिशवी घेऊन आलो की संध्याकाळपर्यंत गल्लीला किलो किती ते माहीत. पण तेवढाच एक लोचा आहे, मावशीची शुगर किती, पेन्शन कधी जमा झाली, सुनेशी कशावरनं वाजलं हे मला पण माहीत असतं. रोज सकाळी त्या विचारतात कुठं निघालास, मी विचारतो गुडघा कसाय. तिकडच्या ऐकणाऱ्याचा गुडघा कसाय हे विचारायची सोय नाही. त्यानं ऐकलं होतं हे तुम्हाला नंतर सुद्धा कळवायचं बंधन कायद्यात नाही, आणि काम संपलं की सहा महिन्यांनी ऑर्डरीचे कागद पण नष्ट. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात तर सरकारला आपल्याच खात्यांना सूट द्यायची मुभा ठेवलीय, घरचं लग्न म्हटल्यावर घरच्यांकडनं आहेर कोण घेतो.

तेव्हा शहाणपणा असा, की फोनवर जरा मोठ्यानं आणि सावकाश बोलत जा, पलीकडच्याला नोकरी आहे. आपल्यातलं "काटा किर्र" त्याला कोडवर्ड वाटायला नको, एकदा फोड करून सांगा. आणि ठेवताना "चल, ठेवतो" म्हटल्यावर लगेच कट करू नका, दोन सेकंद थांबा. तिसऱ्याला पण काय बोलायचं असलं तर.