स्लो शटरला ट्रायपॉड लागतोच? मिरवणुकीत तर अजिबात नाही

गणपती जवळ आले की स्लो शटरच्या (म्हणजे शटर जास्त वेळ उघडा ठेवून हलणारं पुसट टिपायच्या) 'नियमांचा' एक मेसेज फिरायला लागतो. ट्रायपॉडशिवाय लावू नका, शटर जितका स्लो तितकी गती जास्त, दिवसा एनडी फिल्टर (लेन्सवर लावायची, प्रकाश कमी करणारी काळपट काच) नसेल तर विसरा, आणि चेहरा हलला की फोटो डिलीट. नवीन मुलं हे वाचून शटर 1/500 सेकंदावर ठेवतात आणि मग लक्ष्मी रोडवर जीव तोडून वाजवणारी पोरं फोटोत नुसती उभी दिसतात, म्हणून लिहितोय.

ट्रायपॉडचं आधी. तो कॅमेऱ्याचं हलणं थांबवतो, एवढंच. धबधबा, तारे, फटाके यांना पाहिजेच. पण पॅनिंगमध्ये, म्हणजे धावत्या वस्तूसोबत वळत फोटो घेताना, कॅमेरा हलवायचाच असतो ना! धावत्या बाईकला 1/30 लावा, पाय रोवा, कोपरं बरगडीला टेकवा, कमरेतून वळा आणि क्लिक झाल्यावरही वळत राहा. बहुतेकांचं इथेच फसतं, बटण दाबताना हात थबकतो आणि मग बाईकही पुसट येते.

'जितका स्लो तितकी गती' हे तर सरळ चूक आहे. शटर उघडा असताना वस्तू फ्रेममध्ये किती सरकली, गती त्यावर दिसते. ताशाच्या काड्या 1/60 लाही पुसट होतात, ढोलाचं टिपरू 1/30 ला मस्त फराटा सोडतं, फिरणाऱ्या ध्वजाला 1/8 लावून बघा. आणि तोच शटर 2 सेकंद उघडा ठेवलात तर वादकच गायब, नुसता रंग उरतो. 1838 मध्ये फोटोग्राफीच्या सुरुवातीच्या काळातल्या फ्रेंच दागेरने पॅरिसच्या एका गजबजलेल्या रस्त्याचा फोटो घेतला, एक्सपोजर (प्रकाश आत घ्यायचा वेळ) काही मिनिटांचं, त्यात सगळी वर्दळ पुसली गेली आणि दिसला तो एका जागी उभा राहून बूट पॉलिश करून घेणारा माणूस.

एनडी भर उन्हात लागतो, मान्य. आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश टिपायची संवेदनशीलता) 100, एफ 16 (लेन्सचं छिद्र बारीक) ला उन्हात शटर साधारण 1/100 येतो, पाण्याला तो पुरत नाही. पण आपले सह्याद्रीतले धबधबे वाहतात पावसाळ्यात, ढगाळ हवेत, झाडीत तर त्याच सेटिंगला 1/4 मिळून जातो आणि पाण्याचे धागे सुटे दिसतात.

चेहरा हलला की डिलीट, याचा मात्र मला खरंच राग येतो. फोटोग्राफर रघु राय यांचा चर्चगेट स्टेशनचा 1995 चा फोटो बघा, गर्दीचे चेहरे ओळखूच येत नाहीत, पेपर वाचत थांबलेली मोजकी माणसं तेवढी शार्प, आणि मुंबईची घाई त्यामुळेच कळते. फ्रेममध्ये काहीतरी स्थिर लागतं, ते ढोल असेल, खांब असेल, चेहराच पाहिजे असं कुठेय? रात्री चेहरा हवाच असेल तर 1/8 ला फ्लॅश वापरा, फक्त रिअर कर्टन सिंकवर ठेवा, म्हणजे फ्लॅश शेवटी पडतो आणि फराटा टिपरूच्या मागे राहतो, पुढे येत नाही.